आपण सर्व पापी आहात

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला तेव्हा मी यवतमाळच्या घरात मेथी निवडत बसलो होतो. निवृत्त पाळकाला घरात एवढंच अधिकाराचं काम मिळतं. ते म्हणाले, यंदा निरनिराळ्या पेशांतल्या माणसांचे अनुभव छापतोय, तुम्हीही लिहा. अजून कोण आहे, असं विचारलं. एक सर्पमित्र आहेत, एक शवविच्छेदन करणारे डॉक्टर आहेत, आणि मग तुम्ही. हा क्रम कोणत्या विचाराने लावला ते मी विचारलं नाही.

आमचा पेशा बाहेरच्यांना ठाऊक नसतो, म्हणून आधी तो सांगतो. पाळक म्हणजे चर्चचा धर्मगुरू. आमच्या पंथात पाळक लग्न करतो, संसार करतो. मला तीन मुलं आहेत, तरी मी जिथे नोकरी केली त्या वणीतले लोक मला बिनदिक्कत ‘फादर’ म्हणायचे, आणि एका अर्थी ते चुकतही नव्हते. चर्चमध्ये जे लोक येतात त्यांना आम्ही ‘मंडळी’ म्हणतो. त्यामुळे ‘मंडळी माझं ऐकत नाही’ असं मी बाजारात कोणाला म्हटलं की समोरच्याला वाटायचं, हा घरातलं गाऱ्हाणं सांगतोय. दोन्हीकडे परिस्थिती सारखीच असल्यामुळे मी खुलासा करत बसत नसे.

आमच्या धंद्याचा कच्चा माल म्हणजे पाप. डॉक्टरचं बरं असतं, माणूस आपणहून दुखणं घेऊन त्याच्याकडे जातो. आमच्याकडे माणूस ठणठणीत म्हणून येतो. आधी त्याला तो आजारी असल्याचं पटवायचं आणि मग औषध सांगायचं. बरं, शिकवण अशी आहे की माणूस पाप करतो म्हणून पापी ठरत नाही. तो मुळातच तसा असतो, म्हणून त्याच्या हातून पाप होतं. एखाददुसऱ्या चुकीची गोष्ट नाही, घडणच वाकडी. राजा असो, रंक असो, पाळक असो, यातून कोणाला सूट नाही. अशी बातमी दर रविवारी हसतमुखाने द्यायची आणि वर लोकांनी पुढच्या रविवारीही यावं अशी अपेक्षा ठेवायची, हे माझं काम होतं.

हे समजावून सांगायला मी नाना प्रकार केले. एकदा कापसाच्या हंगामात मी बोंडअळीचं उदाहरण दिलं. बोंड बाहेरून टपोरं, हिरवंगार, आणि फोडून पाहिलं तर आत अळी. माणसाचं मन तसंच आहे म्हटलं. लोक माना डोलवत होते. मला वाटलं, आज गाडी रुळावर आली. उपासना संपल्यावर एक शेतकरी खास थांबला आणि त्याने विचारलं की मग यावर कोणतं औषध मारायचं. मी क्षमा, कृपा, तारण असं सांगू लागलो. तो म्हणाला, ते रविवारचं झालं, कपाशीवर काय मारायचं?

‘तारण’ या शब्दाने तर मला फार छळलं. आमच्यात तारण म्हणजे उद्धार, पापातून सुटका. पतपेढीत तारण म्हणजे सोनं गहाण ठेवणं. चर्चच्या फाटकावर माझ्या आधीच्या पाळकांनी ‘येथे तारण आहे’ अशी पाटी लावली होती. मी रुजू झालो त्या महिन्यात एक गृहस्थ बायकोच्या पाटल्या रुमालात बांधून आले आणि व्याजाचा दर विचारू लागले. हे तारण फुकट आहे म्हटल्यावर त्यांनी संशयाने माझ्याकडे पाहिलं, रुमाल खिशात घातला आणि निघून गेले. फुकट म्हटलं की माणसाचा विश्वास उडतो हे मला त्या दिवशी कळलं.

झरी जामणीकडे जंगलातल्या एका पाड्यावर मी गेलो होतो. माणूस पापी आहे हा विषय मी अगदी साध्या शब्दांत मांडला. समोर बसलेली एक म्हातारी मध्येच उठली.

“तुमी मले आजच पाह्यलं,” ती म्हणाली. “तुमाले कोनं सांगतलं? माह्या जावेनं सांगतलं का?”

एवढ्या थोड्या शब्दांत आमच्या शिकवणीची पावती मला नंतर कुठेच मिळाली नाही. पाप आहे हे तिला मान्य होतं. फक्त ते बाहेर कसं फुटलं, एवढीच तिची तक्रार होती.

आता मुद्द्यावर येतो. दर रविवारी उपासनेत पापांगीकार असतो. म्हणजे सगळ्यांनी मिळून देवापुढे आपली पापं कबूल करायची. पुढचा माणूस एकेक वाक्य म्हणतो आणि मंडळी डोळे मिटून ते मागून म्हणते. ‘आम्ही पापी आहोत. आम्ही वाट सोडली.’ हे वाक्य म्हणताना आमच्या मंडळीचा आवाज असा काही लागायचा की बाहेर रिक्षावालेसुद्धा वळून पाहायचे. अनेकवचनात पापी व्हायला माणसाला काहीच अडचण नसते, उलट जरा बरं वाटतं. मात्र उपासना संपल्यावर दारात उभं राहून ‘अण्णा, काल तुम्ही शेजारच्यांची शेताच्या धुऱ्यावरची झाडं तोडली म्हणे’ असं एकवचनात विचारून पाहा. जो मघाशी देवापुढे धूळ आणि राख होता, तो आता तुमची बदली कुठे करता येईल याचा विचार करू लागतो. माझ्याकडे एकट्याने येऊन पाप सांगणारे पुष्कळ होते, पण ते बहुतेक सुनेचं, साडूचं नाहीतर भाडेकरूचं पाप असायचं.

हा पापांगीकार आमच्याकडे शांतवन गुरुजी म्हणवून घ्यायचे. जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्मभर मराठी शिकवून ते निवृत्त झाले होते आणि चर्चच्या पंच कमिटीचे सेक्रेटरी होते. खर्जातला आवाज, स्वच्छ उच्चार, आणि खिशाला लाल पेन. लग्नपत्रिका हातात आली की आधी ऱ्हस्व-दीर्घ, मग नवरा-नवरीची नावं. एका पत्रिकेत ‘आशीर्वाद’चा ‘आर्शिवाद’ झाला होता, तर गुरुजी त्या लग्नाला गेले, जेवले आणि आशीर्वाद न देता परत आले. शुद्धलेखन सोडून बाकी सगळी पापं क्षम्य आहेत असा त्यांचा स्वतंत्र पंथ होता. माझं त्यांच्यावर प्रेम होतं, हेही सांगून टाकतो.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी आम्ही संजीवन सभा ठरवल्या. संजीवन सभा म्हणजे मांडव घालायचा, बाहेरगावचा वक्ता बोलवायचा आणि वर्षभर पेंगणाऱ्या श्रद्धेला हलवून जागं करायचं. वणीत काहीही करायचं म्हणजे आधी फ्लेक्स. आणि फ्लेक्स म्हणजे बंडूभाऊ. बंडूभाऊंना नगरसेवक व्हायचं होतं, म्हणून गावात बारशापासून तेराव्यापर्यंत कशाचाही फ्लेक्स लागला तरी त्यावर ते शुभेच्छुक म्हणून हात जोडून उभे असत. आमच्याही फ्लेक्सचा खर्च त्यांनी उचलला आणि फोटो पाठवून दिला. गॉगल लावून हात जोडलेला.

मजकूर मी लिहिला होता. ‘आपण सर्व पापी आहोत. या, क्षमेची वार्ता ऐका.’ तो एसटी स्टँडजवळच्या गजूभाऊंच्या दुकानात गेला. गजूभाऊ हे दहेगावकडच्या शेतकरी घरातले, वीस एकर कपाशी भावाच्या अंगावर टाकून फ्लेक्सच्या धंद्यात उतरलेले. त्यांच्याकडे कॉम्प्युटरवर सविता राठोड बसायची. तांड्यावरची बाई, चाळिशीच्या आसपासची. नवरा कोळशाच्या ट्रकवर, आठ-आठ दिवस बाहेर. मुलगी यवतमाळला नर्सिंगला, आणि तिच्या शिक्षणाचा सगळा भार सविताच्या टाइप करणाऱ्या दहा बोटांवर. मला ती ‘फादरकाका’ म्हणायची. जगाच्या पाठीवर ही पदवी मिळालेला मी एकटाच पाळक असेन.

आता इथे मराठीच्या एका लबाड शब्दाची ओळख करून देणं भाग आहे. तो शब्द म्हणजे ‘आपण’. ‘आपण जेवू’ म्हटलं की त्यात मी आलो. ‘आपण जेवावं’ म्हटलं की मी बाहेर आणि पाहुणा पाटावर. आपण ताटावर बसलोय की वाढप्याचं काम करतोय, हे शेवटच्या क्रियापदावरून कळतं. सविताने आयुष्यात हजारो फ्लेक्स केले असतील आणि त्या प्रत्येकावर एकच ओळ होती, ‘आपण सर्व सादर आमंत्रित आहात.’ ती ओळ तिच्या कॉम्प्युटरमध्ये तयारच असायची. तिने ती उघडली, ‘सादर आमंत्रित’ पुसलं, त्या जागी ‘पापी’ लिहिलं आणि पुढच्या कामाला लागली.

सोमवारी सकाळी कोळशाचे ट्रक वळतात त्या चौकात भला मोठा फ्लेक्स लागला. ‘आपण सर्व पापी आहात. या, क्षमेची वार्ता ऐका. आपली उपस्थिती प्रार्थनीय.’ खाली शुभेच्छुक बंडूभाऊ, गॉगलसकट, हात जोडून.

वणीत कुठल्याही फ्लेक्सवर दुपारपर्यंत कोळशाची धूळ बसते. यावर ती बसायच्या आत त्याचे फोटो गावातल्या सगळ्या मोबाइलवर पोचले होते. मी इतकी वर्षं जो सिद्धांत गावाच्या गळी उतरवू शकलो नाही, तो बंडूभाऊंच्या फोटोने अर्ध्या दिवसात घरोघर नेला. विरोधी गटाने तर खाली एक ओळ वाढवून तो फिरवला, की भाऊंनी मतदारांना ओळखलं. भाजीबाजारात एका बाईने भाऊंना थेट विचारलं म्हणे, की पापी लोकाइचे मतं चालतेत का तुमाले?

दुपारी भाऊंच्या कार्यालयातून बोलावणं आलं. मी आणि गुरुजी गेलो. गजूभाऊ आधीच येऊन अंग चोरून बसले होते, आणि दाराजवळच्या खुर्चीवर सविता. चारही भिंतींवरून बंडूभाऊ हात जोडून आमच्याकडे पाहत होते, फक्त खुर्चीतले बंडूभाऊ हात जोडून नव्हते. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं की ज्याने हे केलं त्याचं नाव आत्ता कळलं पाहिजे, त्याने माफी मागितली पाहिजे आणि तो माणूस उद्यापासून त्या दुकानात दिसता कामा नये.

मी त्यांना समजावलं की यात कोणाचाच वाईट हेतू नाही, चूक एका अक्षराची आहे. एक पट्टी चिकटवली की काम झालं. ‘आहात’च्या जागी ‘आहोत’. भाऊंनी ते वाक्य मनातल्या मनात म्हणून पाहिलं. त्यांचे ओठ हलताना दिसत होते.

“म्हंजे त्याच्यात म्या बी आलो,” ते म्हणाले.

“आलात. मीही आलो.”

“तुमचं ठीक हाये. तुमचा थो धंदाच हाये. माह्या फोटोच्या बाजूले हे कायले पाह्यजे?”

ख्रिस्ती धर्मशास्त्रात या विषयावर मोठमोठे ग्रंथ आहेत. पण ‘आहात’ म्हटलं तर मतदार रागावतात आणि ‘आहोत’ म्हटलं तर उमेदवार रागावतो, या दोन वाक्यांत त्यांचा सारांश त्या कार्यालयात सांगून झाला. शेवटी असं ठरलं की नव्या फ्लेक्सवर पाप हा शब्दच नको. ‘सर्वांना हार्दिक शुभेच्छा’ लिहायचं. वक्ता गावात यायच्या आधीच नगरसेवकाच्या उमेदवाराने पापाचं निर्मूलन केलं, अशी संजीवन सभा दुसरीकडे झाली नसावी.

मग भाऊंनी पुन्हा विचारलं की केलं कोणी. गजूभाऊ म्हणाले, आमच्याकडून प्रूफ गेलं होतं, चर्चकडून पाहून आलं होतं. म्हणजे छापण्याआधी मजकुराचा नमुना तपासायला पाठवतात, तो. भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. फ्लेक्स छापला त्या दोन दिवसांत मी उमरखेडला एका अंत्यविधीला गेलो होतो, मला ते आलं नव्हतं. मी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजी छताच्या पंख्याकडे पाहत होते. पंख्यावर काहीही लिहिलेलं नव्हतं.

तेवढ्यात सविता उठली.

“माह्यी चूक हाये,” ती म्हणाली. “‘आपण सर्व’ आलं का हाताले ‘आहात’च येते. म्याच टाइप केलं.”

इतक्या वर्षांच्या नोकरीत, कोणी भाग पाडलेलं नसताना, कारण न जोडता, दुसऱ्याचं नाव न घेता केलेली एकवचनी कबुली मी पहिल्यांदा ऐकत होतो. आणि ती बाई आमच्या मंडळीतली नव्हती. सेवालाल महाराजांचा फोटो पर्समध्ये ठेवणारी बाई होती ती. गजूभाऊंनी भाऊंच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तिथल्या तिथे सांगितलं की उद्यापासून येऊ नको. तिच्या हातातला मोबाइल वाजला. ‘याडी’ म्हणजे आई म्हणून हाक मारणारी तिची लेक असणार, कारण तिने नाव पाहिलं आणि तो बंद केला. मला त्या खोलीत बसल्याची लाज वाटली.

संध्याकाळी चहाच्या वेळेला गुरुजी माझ्या घरी आले. बायकोने चहा ठेवला, तो त्यांनी निववून टाकला तरी प्यायले नाहीत. मग म्हणाले की प्रूफ मलाच आलं होतं. मोबाइलवर. तेव्हा ते भाच्याच्या साखरपुड्याच्या पत्रिकेतल्या ऱ्हस्व-दीर्घावरून व्याह्यांशी फोनवर भांडत होते. एका डोळ्याने त्यांनी प्रूफ पाहिलं, ‘क्षमेची’चा ‘क्ष’ बरोबर आहे एवढं तपासलं आणि सविताला कळवलं, ‘निर्दोष. छापा.’

“पाळकसाहेब, हे आपल्यातच राहू द्या,” ते म्हणाले.

हा ‘आपल्यात’सुद्धा त्याच शब्दाचा भाऊबंद. पाळकाला विश्वासात घेऊन सांगितलेली गोष्ट बाहेर काढायची नाही, हा आमच्या पेशाचा पहिला नियम. दुसऱ्याची कबुली आपण दिली की तिची चहाडी होते. मी त्यांना म्हटलं, तुम्ही स्वतः जाऊन गजूभाऊंना सांगा, एका वाक्याचं काम आहे. ते म्हणाले, जन्मभर मी लोकांच्या चुका काढल्या, आता गाव मला कसं हसेल याची तुम्हाला कल्पना नाही. मला पूर्ण कल्पना होती. मी स्वतः थोडा हसलो असतो.

दुसऱ्या दिवशी मी सविताला भेटायला तांड्यावर गेलो. प्रूफ कोणी पास केलं ते तू का सांगितलं नाहीस, असं मी विचारलं. ती तूर पाखडत होती, तिने सूप थांबवलं नाही.

“गुरुजीनं मले बाराखडी शिकोली, फादरकाका. त्याईचं नाव चुकीत कसं घेऊ?”

मी परत येताना रस्ताभर चिडलेला होतो. गुरुजींवर, भाऊंवर, गजूभाऊंवर, आणि ज्या पेशात सत्य ठाऊक असून तोंड शिवून बसावं लागतं त्या पेशावर. पोलिसाच्या हातात काठी असते, मास्तरच्या हातात छडी असते. पाळकाच्या हातात काय असतं, याचा मी बराच विचार केला. तेव्हा लक्षात आलं की आमच्या हातात सर्वनामं असतात.

शनिवारी मांडव भरला. पहिल्या रांगेत बंडूभाऊ होते, आपण ख्रिस्ती बांधवांच्या पाठीशी आहोत हे दाखवायला. दुसऱ्या रांगेत गजूभाऊ, कारण स्टेजमागचा बॅनर त्यांनी भाऊंच्या सांगण्यावरून फुकट दिला होता. पापांगीकाराची वेळ आली. मी गुरुजींच्या हातात कागद दिला. वाक्यं नेहमीचीच होती, फक्त जिथे जिथे ‘आम्ही’ होतं तिथे तिथे मी ‘मी’ लिहिलं होतं. गुरुजींनी कागद पाहिला, माझ्याकडे पाहिलं. लाल पेनाकडे त्यांचा हात गेलेला मला दिसला. पण एकवचन हे काही अशुद्धलेखन नव्हे. मंडळीला मी सांगितलं की आज प्रत्येकाने ‘मी’ म्हणायचं. सगळ्यांनी माना हलवल्या आणि डोळे मिटले.

“मी पापी आहे,” गुरुजी माइकवर म्हणाले.

“आम्ही पापी आहोत,” मंडळी गर्जली.

सविताच्या बोटांना जशी ‘आहात’ची सवय, तशी यांच्या जिभांना ‘आम्ही’ची. दोन मिनिटांपूर्वी मी काय सांगितलं ते त्यांच्या कानापर्यंत पोचलं होतं, जिभेपर्यंत नव्हतं.

“मी वाट सोडली.”

“आम्ही वाट सोडली.”

“मी पाहूनही पाहिलं नाही.”

“आम्ही पाहूनही पाहिलं नाही.”

गुरुजी थांबले. पुढचं वाक्य कागदावर होतं, तरी थांबले. मांडवात नुसता माइकचा घूं आवाज येत राहिला. मी मान वर केली तर त्यांनी चष्मा काढून हातात घेतला होता. मग तोच खर्जातला आवाज, पण जरा फाटलेला.

“फ्लेक्सचं प्रूफ मी पाहिलं होतं.”

मला वाटलं, आता मांडवात कुजबुज होणार. पण आमची मंडळी डोळे मिटून, भक्तिभावाने, एका सुरात म्हणाली, “फ्लेक्सचं प्रूफ आम्ही पाहिलं होतं.”

“ते निर्दोष आहे असं मी कळवलं.”

“ते निर्दोष आहे असं आम्ही कळवलं.” यात सगळ्यात मोठा आवाज बंडूभाऊंचा होता. माइकवरून जे येईल ते हात जोडून मागून म्हणायची त्यांना कार्यकर्तेपणापासूनची सवय.

“सविताचा दोष नाही.”

“सविताचा दोष नाही.”

हे एकच वाक्य मांडवात बदल न होता घुमलं. मग कोणीतरी एक डोळा उघडला, कोणी दुसऱ्याला कोपर मारलं, पण तोवर मी ‘आमेन’ म्हणून टाकलं होतं. गुरुजी खाली येऊन माझ्या शेजारी बसले आणि डोळे पुसत राहिले. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. गाव हसेल म्हणून जो माणूस घाबरला होता, त्याला पुढे महिनाभर गाव हसलंही, आणि त्याने ते सहन केलं. मला त्यांचा इतका अभिमान तोवर कधी वाटला नव्हता.

सभा सुटल्यावर गजूभाऊंनी मला चहाच्या टेबलाजवळ गाठलं. ते भांबावलेले होते.

“साहेब, अख्खा मांडव म्हणते का प्रूफ आमीच पाह्यलं. भाऊ बी म्हणले,” ते म्हणाले. “एवढ्या लोकाइनं पाहून चूक राह्यली, त मंग त्या एकटीले कायले काढू?”

अनेकवचनी कबुलीची मी आयुष्यभर टिंगल केली. तिच्यामुळे एखाद्या बाईची नोकरी वाचेल असं मला कोणी सांगितलं असतं तर मी त्यालाही हसलो असतो. मी गजूभाऊंना काही समजावून सांगितलं नाही. मंगळवारी सविता पुन्हा खुर्चीवर होती. गुरुजी स्वतः दुकानात गेले, तिच्यापुढे उभे राहिले आणि त्यांना जे बोलायचं होतं ते बोलले. काय बोलले ते दोघांपैकी कोणी मला सांगितलं नाही, आणि एवढी गोष्ट मला न कळल्याचं मला समाधान आहे.

काही महिन्यांनी मी निवृत्त झालो. मंडळीने निरोपसमारंभ ठेवला आणि अर्थातच त्याचा फ्लेक्स करायचं ठरलं. या वेळी प्रूफ मोबाइलवर नको, समोर बसून पाहू, असं गुरुजींनीच सुचवलं. आम्ही दोघं दुकानात गेलो. सविताने पडदा आमच्याकडे वळवला. माझा फोटो होता, बंडूभाऊंचा होता (ते निवडणूक हरले होते, पण फोटो चालूच होते), आणि मध्ये मोठ्या अक्षरांत ओळ होती, ‘आपण सर्व सादर आमंत्रित आहोत.’

“या बारीले पहिलेच ‘आहोत’ टाकलं,” ती म्हणाली. “मागून भानगड नको.”

गुरुजींनी चष्मा लावला. ओळ वाचली, पुन्हा वाचली, आणि खिशातून लाल पेन निघालं. मग ते माझ्याकडे वळून अगदी मास्तरकीच्या सुरात म्हणाले, व्याकरणदृष्ट्या हे टिकत नाही. आपण सगळेच आमंत्रित असू, तर मग बोलावणारा कोण?

“गुरुजी,” मी वर बोट दाखवून म्हटलं, “इतकी वर्षं दर रविवारी मी दुसरं काय सांगत होतो?”

त्यांनी पेनाचं टोक पडद्यावरच्या ‘आहोत’पाशी नेलं. सविता हात कळफलकावर ठेवून आमच्या दोघांकडे आळीपाळीने पाहत होती. शेवटी तिने विचारलं, “निर्दोष हाये का, गुरुजी?”

“नाही,” गुरुजी म्हणाले, आणि पेनाला टोपण लावलं. “पण छाप.”